पैकीच्या पैकी

मी राहीबाई. कुंडलच्या माळाला धैर्यशीलदादांचं बेदाण्याचं शेड हाय, तिथं अकरा वर्सं मी बेदाणा निवडते. हिरवा एकीकडं, पिवळा एकीकडं, काळपट दाणा खाली टोपलीत. तोंडानं मी फाटकी हाय, ते आधीच सांगून ठेवते. पण माझ्या टेबलावरनं गेलेल्या पेटीत काळा दाणा कुणी काढून दाखवावा.

माझी जागा खिडकीपाशी. सगळ्या शेडाला ती एकच खिडकी. तिच्यातनं समोर, रस्त्याच्या पल्याड, माझं घर दिसतं. लिंबाखाली बाजलं, बाजल्यावर आमचं ह्ये. गाव त्येंना जोतीराम डायवर म्हणतं. तीस वर्सं द्राक्षाचा ट्रक घिऊन बेंगलोर, हैद्राबाद, पार कलकत्त्यापतुर. तीन वर्सांमागं अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा चालतो. मी खिडकीतनं मान वर केली की डाव्या हातानं टॉवेल हालवत्यात. म्हंजे बरं हाय. एकदा आपलं आपण उठाय गेलं आन् तोंडावर आपटलं, तवा मी खिडकीतनं बघितलं म्हणून वाचलं. पोरगा वीरधवल तिकडं कोइमतूरला सोनं गाळायच्या दुकानात, सून त्येच्यापाशी. शेजारपाजार दिवसभर बागंत. घर तर माझ्या हातावर चालतं, काम सोडून भागत न्हाई. म्हंजे ह्येंच्यावर नजर काय ती माझी, आन् ती बी त्या खिडकीच्या जिवावर.

धैर्यशीलदादा ती खिडकी बुजवायचं कवापासनं म्हणत व्हते. धूळ येती. ढग आला की बेदाण्याचा रंग येगळा दिसतो आन् माल मिसळतो. मी दर खेपेला भांडायची. माणूस वाईट न्हाई. शेवटाला म्हणाले, "राहीबाई, मी माझ्या मनानं काय करत न्हाई. रीतसर अभ्यास होऊ दे, मग बघू."

अभ्यास कराय आली ती प्रियंका. वडूजची पोरगी, सांगलीला इमारतींचं शिकत व्हती. इमारतीच्या आत माणसाला कसला उजेड मानवतो, कसला न्हाई, ह्येचा म्हणं तिचा अभ्यास. मी म्हणलं, "बाई, त्येला कशाला शिकाय लागतंय? डोळं उघडलं की कळतंय." ती हसली आन् उजेड मोजायचं यंत्र माझ्या टेबलावर ठिऊन आकडा लिवून घेतला.

तिनं समजावून सांगितलं ते असं. पहिला आठवडा खिडकीच्या उजेडात काम करायचं आन् एक फॉर्म भरायचा. दुसरा आठवडा खिडकीवर फळी ठोकायची, वर नव्या पांढऱ्या ट्यूबा लावायच्या, आन् परत तोच फॉर्म भरायचा. उजेड बरा वाटतो का, डोळ्यांना सुख हाय का, मन रमतं का, असलं दहा प्रश्न. एकेकाला एकापासनं सातापतुर मार्क. सात म्हंजे एकदम उत्तम.

पहिला फॉर्म आमी खरा भरला. तवा पोरीची वळख न्हाई, पाळख न्हाई. सकाळी तासभर ऊन थेट डोळ्यांत येतं म्हणून मी चार दिलं. कुणी तीन दिलं, कुणी पाच.

मग फळी ठोकली. तो आठवडा माझा मी कसा काढला ते मलाच ठावं. पाणी प्यायचं निमित्त करून दाराशी जायची, टॉवेल हालला की परत यायची. "एवढं पाणी पिऊन फुटशील की," स्वप्नाली म्हणायची. ती माझ्या शेजारच्या टेबलाला. तिला हसाय काय जातंय.

त्याच आठवड्यात पोरगी आमच्यात जेवाय बसाय लागली. तिचा डबा कोरडा असायचा, मी माझ्यातली आमटी घालायची. एक दिवस घास हातात धरून रडाय लागली. म्हणाली, "मावशी, आता ह्या शेवटच्या फॉर्मावर माझा सगळा निकाल आहे. तो नीट झाला नाही तर सर सही करणार नाहीत. आई रानात राबून शिकवतीया मला."

आता आमच्याकडची कागदाची रीत तुमाला सांगते. सर्व्हेवाला येऊ दे, न्हाईतर शाळेचा मास्तर फॉर्म घिऊन येऊ दे, त्येला जे लागतं ते लिवून द्यायचं. त्येचं काम व्हावं, बिचारा उन्हाचा आलेला असतो. खरं काय ते तोंडानं सांगायचं. कागद पाव्हण्याचा, बोलणं आपलं.

फॉर्म वाटून पोरगी बाहीर जाऊन उभी राह्यली. म्हणाली, "मी इथं थांबले तर तुम्ही माझ्या तोंडाकडं बघून लिहाल." ती दाराबाहीर गेली आन् मी बायांना म्हणलं, "ऐका गं. लेकरू आपल्या पंगतीला जेवलंय. तिला नापास करायची का? द्या पैकीच्या पैकी. खिडकीचं काय ते मी दादांना तोंडानं सांगते." बावीस बायांनी दहा प्रश्नांला सात सात दिलं. मी सगळ्यांच्या आधी दिलं, आन् खाली सही ठोकली.

आठवडा सरला तशी फळी निघाली. महिन्यानं दादांनी आमाला गोळा केलं. हातात रंगीत चोपडं. म्हणाले, "खिडकीला सरासरी चार, बंद शेडाला सात. एक बी बाई नाराज न्हाई."

मी म्हणलं, "दादा, ते मार्क उजेडाला न्हाईत, पोरीला दिल्यात." बाया खाली बघून उभ्या. दादा हसले न्हाईत, चिडले बी न्हाईत. म्हणाले, "राहीबाई, अभ्यास होऊ दे, मग बघू, असं मी आधीच म्हणलं व्हतं. आता कागद बोलतोय तर त्येला खोटं म्हणता? उद्या मी कशावर चालायचं?" त्येंचं बी चुकलं न्हवतं.

मी पोरीला फोन लावला. सांगायचं ठरीवलं व्हतं, की बाई, सरांना खरं सांग, परत फॉर्म घे. ती फोन उचलल्या उचलल्या म्हणाली, "मावशी, पास झाले. सर म्हणाले, एवढा स्पष्ट निकाल त्यांनी कधी बघितला नव्हता. पुण्याला नोकरी लागतीया."

"आईला सांगितलंस का?"

"सांगितलं. रडली."

"बरं झालं, बाई," मी म्हणलं आन् फोन ठेवला. स्वतःच्या हातानं दिलेलं मार्क माघारी कसं घ्यायचं?

सोमवारी गवंडी आला. माझ्या टेबलासमोर एकेक वीट चढत गेली. आधी बाजलं झाकलं, मग ह्येंचं डोकं, शेवटाला वर केलेला टॉवेल. अभ्यासाला हातभार लावला म्हणून दादांनी प्रत्येकीला एकेक पांढरी ट्यूब दिली. मी ती पदराखाली धरून घरी आणली, मला लय लाज वाटली.

बाहीर एकटं ठिवायची आता छाती न्हवती. आमच्या खोलीला खिडकी न्हाई, दारातनं येईल तेवढाच उजेड. म्हणून तीच ट्यूब आत लावली, ह्येंना बाजल्यासकट आत घेतलं, आन् सकाळी कामावर जाताना बाहीरनं कडी घातली. तीस वर्सं ट्रकच्या काचेतनं मुलूख बघितलेला माणूस. मी कडी घालताना त्येंच्याकडं बघितलं न्हाई.

जेवणाच्या सुट्टीत पळत आले, दार उघडलं. ह्ये भिंतीकडं तोंड करून बसलेलं, टॉवेल मांडीवर. मी भाकरी कुस्करली. काय सुचलं कुणास ठावं, मी इचारलं, "आवं, ह्यो उजेड कसा वाटतोय? एक ते सातात किती द्याल?"

लय येळ माझ्या तोंडाकडं बघितलं. मग डावा हात वर केला, पाच बोटं. मी म्हणलं, पाच तर पाच. तवर ह्येंनी मूठ मिटली आन् आणखी दोन बोटं वर केली.

असलं मार्क कशापायी देत्यात ते मला ठावं हाय. मी घास भरवलं, तोंड पुसलं, टॉवेल नीट मांडीवर ठेवला. शेडाची दोनची बेल वाजायच्या आत बाहीरनं कडी घातली.