येळवशीची फेरी

केराबाईनं मडक्यातली आंबील ढवळली आणि तोंड वाकडं केलं. रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीची ती. ताक घालूनही रंग जाईना. पण आज येळवस होती, शेत पुजायची मार्गशीर्षातली अमावास्या. आज शेतमालकानं वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवू घालायचं असतं, आणि यंदा मालकीण ती होती.

अक्कलकोटच्या वाटेवरची ही अडीच एकर जमीन मुळात गावचे जमीनदार सिद्धलिंगप्पा यांची. जमिनीच्या सीलिंग कायद्यात ती त्यांच्या हातून सुटली आणि केराबाई व तिचा नवरा धोंडीराम यांच्या नावावर झाली. सरकारला द्यायची म्हणून सिद्धलिंगप्पांनी खडकाळ माळच काढून दिला होता, चांगली काळी कोण देतं? त्यात पावसानं दगा दिला. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली. मग सिद्धलिंगप्पांचा निरोप आला: कागद तुमच्याच नावावर राहू दे, जमीन मी कसतो, चार पोती ज्वारी घेऊन जा.

"उपाशी मरू, पर शेत द्यायचं न्हाय," केराबाई म्हणाली होती. धोंडीराम गप्प बसला. तिला तो होकारच वाटला.

आता सिद्धलिंगप्पाच बांधावरून येताना दिसले. जन्मभर त्यांच्या येळवशीला ती गड्यांच्या पंगतीत जेवली होती. आज ते तिच्या पंगतीला येत होते. तिला इतका आनंद झाला की पदर सावरायचंही सुचेना.

"या मालक, बसा. मिलोची हाय, गोड मानून घ्या."

"आजच्या दिवशी नको म्हणू नये," ते कडब्याच्या खोपीपाशी टेकत म्हणाले.

"अवो, फेरी मारून या की. मग वाढते," ती धोंडीरामला म्हणाली.

आंबील शिंपडत शेताला फेरी घालायची ती मालकानं. धोंडीरामनं मडकं उचललं, दोन पावलं टाकली आणि ते सिद्धलिंगप्पांच्या पुढ्यात ठेवलं.

"तुमीच फिरा, मालक."

सिद्धलिंगप्पांना नवल वाटलं नाही. त्यांनी वहाणा काढल्या, मडकं खांद्यावर घेतलं आणि ते चालू लागले.

केराबाई नवऱ्याकडे बघत राहिली.

"पोती कालच आणल्यात," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "धाकलीला भुकेनं उभं ऱ्हावत न्हाय, केरा. काय करू?"

तिला त्याचा राग आला. पण खोपीत निजलेल्या पोरीकडे नजर गेली आणि तिनं तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

फेरी संपवून सिद्धलिंगप्पा परतले.

"चला, बसा सगळे जेवायला," ते म्हणाले.

केराबाईनं धाकलीला उचललं आणि ती पंगतीत गडी बसतात त्या टोकाला जाऊन बसली.