कुरकुर काढायची नाही

मी शिंप्याची खुर्ची बोलतेय. लाकडी, बिनहातांची आणि ठेंगणी. शिवणयंत्रापुढे मी उंच पडायचे, म्हणून मालकांनी स्वतःच करवत घेऊन माझे पाय कापले. घाईत एक पाय जास्त कापला गेला आणि मी कुरकुरू लागले. ती आजतागायत कुरकुरतेच आहे. कुणाला आवडो न आवडो.

तीस वर्षं मालक माझ्यावर बसून कपडे शिवत होते. त्यांची मुलगी शेजारी कापडाच्या गठ्ठ्यावर बसून गाणी रचायची. "अगं, गिऱ्हाईक उभं आहे, जरा हळू," ते म्हणायचे. ती कसली हळू होतेय!

पुढे मालकांचे हात थरथरू लागले आणि दुकान बंद झालं. यंत्र विकलं, मला कुणी विचारलंच नाही. मग एके दिवशी मुलगी गिटार घेऊन आली आणि माझ्यावर बसली. तीन कंपन्यांनी नाक मुरडल्यावर चौथीने तिचा अल्बम काढायचं कबूल केलं होतं, आणि तिला तो इथेच गायचा होता. आवाज घुमू नये म्हणून तिने उरलेली कापडं भिंतींवर टांगली. सकाळी आजूबाजूची दुकानं उघडायच्या आत रेकॉर्डिंग उरकायचं असं ठरलं. रेकॉर्डिंगची यंत्रं सांभाळायला तिचा जुना मित्र होता. त्याला सगळे कानसेन म्हणतात.

पहिल्याच गाण्यात कानसेनने हेडफोन काढला.

"खुर्ची वाजतेय."

"वाजू दे."

"अगं, कंपनी घेईल का असलं?"

माणसांना न सांगितलेल्या दुरुस्तीची भारी हौस. दुसऱ्या दिवशी ती यायच्या आत त्याने माझ्या सांध्यांत सरस भरला आणि आखूड पायाला रबर ठोकलं. पाय कापल्यापासून पहिल्यांदा मी मुकी झाले. खरं सांगते, फार अपमान वाटला.

ती बसली आणि गाऊ लागली. गाणं बापाच्या दुकानाचंच होतं. तीनदा सुरू केलं, तिन्ही वेळा दुसऱ्या ओळीला गडबडली. ओळ संपली की ती मागे रेलायची, मी कुरकुरायचे आणि त्यावर ती पुढची ओळ उचलायची. हे तोवर तिलाही ठाऊक नव्हतं. तिने वाकून माझ्या पायांकडे पाहिलं.

"हे कुणी केलं?"

"चांगलं करायला गेलो गं," कानसेन पुटपुटला.

तिने मला उलटं केलं, कात्रीने रबर उपटलं आणि सरस सुटेपर्यंत माझे पाय हिसडले. मला दुखलं, पण त्या सकाळी आमची सलग तीन गाणी झाली.

नऊ गाणी ऐकून कंपनीच्या साहेबांचा फोन आला. गाणी उत्तम आहेत, तेवढी कुरकुर काढा, नाहीतर आम्हाला जमणार नाही.

"काढता येईल," कानसेन म्हणाला. "एका दिवसाचं काम."

"मग त्यात बाबांचं दुकान उरेल का?"

ती माझ्यावर बसली. घाबरली होती, मला तिचं वजन कळतं. मग तिने फोन लावला. "आवाज राहील. तुम्हाला नको असेल तर अल्बम राहू द्या." त्यांना नकोच होता. अल्बम तिने स्वतःच्या हिमतीवर काढला.

मालकांना तिने इथेच आणून तो ऐकवला. पहिल्या गाण्यात मी वाजले तसे ते चटकन माझ्याकडे वळले. "ही बया अजून आहे होय!" म्हणाले आणि पुढचं सगळं डोळे मिटून ऐकलं.

आता काही लोक तिला कळवतात, तुमच्या गाण्यांत काहीतरी मोडकं वाजतंय. बरोबर ऐकलंत. फेकायचं असेल तर अख्खा अल्बम फेका. मला तेवढी वगळून तो मिळणार नाही.