तीन दोरांखालचे नागोराव गुरुजी

कापूस फुटायच्या दिवसांतले कोवळे ऊन चिंचेच्या पानांतून गळून नागोराव गुरुजींच्या टकलावर उतरे, तेव्हा, खोटे सांगत नाही, पैनगंगेपलीकडच्या लोकांना आज दोन सूर्य उगवल्याचा भास होई. आणि त्यांनी हजेरी पुकारली की तिकडचे बैलसुद्धा 'हजर' म्हणायच्या बेतात मान वर करीत. पण आज गुरुजी आठवतात ते एका थेंबातून. डोक्यावर टांगलेल्या मडक्याच्या बुडाशी लोंबणारा, पडावे की न पडावे या विवंचनेत थरथरणारा तो थेंब.

निजामाचे राज्य नुकतेच मावळले होते आणि राज्यघटना गावात नव्या सुनेसारखी आली होती. सगळे तिच्याविषयी बोलत, चेहरा कोणी पाहिलेला नव्हता. गुरुजींनी तो मडक्यात दाखवला. काठोकाठ भरलेल्या मडक्याच्या गळ्याला तीन दोर बांधून ते तीन फांद्यांवरून घ्यायचे, आणि टोके वर्गातल्या तीन पोरांच्या हाती द्यायची. एक विधिमंडळ, एक सरकार, एक न्यायालय. मडक्याखाली मांडी घालून स्वतः बसायचे. एकाने दोर जास्त ओढला की गुरुजी चिंब.

"कोनीबी माजला की भिजते कोन?"

"खालचा नागरिक!"

"मंग त्यानं काय करावं?"

"अर्ज करावा, गुरुजी!"

न्यायालय मी होतो. आणि सर्वांत जास्त मीच ओढायचो.

मग भाषावार राज्ये झाली. पैनगंगा रात्रीतून भाषेची सीमा झाली, नदीला न विचारता, आणि आमचे गाव तेलुगू बाजूला राहिले. पाठोपाठ फर्मान आले की मराठीचा वर्ग बंद. गुरुजी तेलुगूवर रागावले नाहीत. "शिका लेकहो, गोड भाषा हाये. पन मायबोलीत शिकाचा हक बी आपलाच हाये," एवढे बोलून त्यांनी मोत्यांनाही न्यूनगंड यावा अशा अक्षरांत अर्ज लिहिला, गावाचे अंगठे घेतले आणि एकेक प्रत तिन्ही दारी धाडली. कचेरीने कळवले, हा आमदारांचा विषय. आमदार म्हणाले, न्यायालयात जा. न्यायालयातून उत्तर आले, आधी कचेरीत दाद मागावी. तिघांचीही भाषा साखरेहून गोड, आणि कोणाचाही दोर तसूभर जास्त ओढलेला नाही!

वर्गाच्या शेवटच्या दिवशी भाजीवाला गंगाराम टोपली उतरवून चिंचेखाली टेकला. "काऊन गुरुजी, तिघायनंबी दोर बराबर धरले नं? मंग पानी काऊन येऊन नाई राह्यलं?"

ज्यांच्या आवाजाने नदी थबकायची, ते गुरुजी हळूच म्हणाले, "चुकलंच माह्यं, गंगाराम. सांडू नये कसं, तेवढंच शिकवलं. प्यावं कसं, ते राहूनच गेलं."

त्यांची बदली जंगलातल्या शाळेत झाली. मुले गोंडी बोलणारी, शिकवायचे तेलुगूतून, आणि गुरुजींना दोन्ही भाषा येत नव्हत्या! याहून मोठी थाप मला आयुष्यात मारता आली नाही, आणि ही तर मारलेलीच नाही. तिथेही त्यांनी मडके टांगले, असे उडत उडत कानी आले. पुढे तेही येईनासे झाले.

आज मी हे ज्या अक्षरांत लिहितो, ती माझ्या नातवाला वाचता येत नाहीत. त्याला चिंचेखाली नेऊन गुरुजींची गोष्ट सांगितली, तर तो हसला. आज्याची आणखी एक थाप, त्याला वाटले. मी त्याचे बोट धरून दोरांनी फांदीवर पाडलेल्या खोल चरांतून फिरवले. मडके नाही, दोर नाहीत, खाली भिजायला कोणी बसत नाही. काळ माणूस उचलून नेतो, आणि त्याचे वजन तेवढे झाडाच्या अंगावर ठेवून जातो.