लाल फाईल घरीच राहिली

मित्रांनो, माझा रंग एके काळी गडद निळा होता. आता तो उडाला आहे आणि पाठीला चिकटपट्टी लावली आहे. मी एका बाईंच्या औषधांची जुनी फाईल आहे.

प्लास्टिकच्या कारखान्यात माझ्यासारख्या शेकडो जणी तयार झाल्या. मला विकत घेतले ते बाईंच्या नवऱ्याने, म्हणजे माझ्या मालकांनी. ते जन्मभर गोदामात माल लावत आले होते. एका फळीवर एकच जिन्नस, ही त्यांची शिस्त. तरी सुरुवातीला बाईंचे सगळेच कागद माझ्या पोटात होते, हृदयाचे आणि गुडघ्याचेही.

एकदा हृदयाच्या डॉक्टरांनी मला उघडले. गुडघ्याचा कागद हाती लागताच ते हसले.

"आजोबा, घरची रद्दी पण आणलीत का? माझ्यापुरतं दाखवा."

दाराशी उभी असलेली माणसेही हसली. मालकांचे कान लाल झाले. त्याच संध्याकाळी त्यांनी एक लाल फाईल आणली आणि गुडघ्याचे कागद तिच्यात टाकले. तेव्हापासून आम्ही दोघी एकाच कपाटात शेजारी राहत होतो, पण घराबाहेर कधी एकत्र गेलो नाही.

"फाईल असावी तर अशी," डॉक्टर म्हणू लागले. मी फुगून जात असे.

माझ्या कागदावर रक्त पातळ ठेवणारी गोळी होती. लाल फाईलीत गुडघ्याची सूज उतरवणारी. दोन्ही गोळ्या वेगवेगळ्या दुकानांतून येत. दोन्ही एकत्र घेतल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो, हे दोन्ही डॉक्टरांना माहीत होते. दुसरी गोळी चालू आहे, एवढेच एकालाही माहीत नव्हते.

बाईंच्या दंडावर काळेनिळे डाग उठू लागले.

"अहो, आज लाल फाईल पण घ्या ना. विचारू तरी, दोन्ही गोळ्या चालतात का."

"पुन्हा माझं हसं करायचंय का तुला?"

"मी विचारते. तुम्ही नुसते बसा."

"तू काय डॉक्टरीण लागून गेलीस? आपटली असशील कुठेतरी. चालताना कधी समोर बघतेस?"

बाईंनी चपला घातल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?" बाईंनी तोंड उघडले, पण मालक आधी बोलले.

"नाही साहेब. फक्त तुमच्याच."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि पदर दंडावर ओढून घेतला. मी टेबलावर उघडी पडले होते. फाईलीला वाचा नसते.

त्यानंतर अठराव्या दिवशी बाई न्हाणीघरात कोसळल्या. पोटात रक्तस्राव झाला होता. इस्पितळात थोडी शुद्ध आल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "आता तरी आणा ती."

मालक धावत घरी गेले. लाल फाईल घेऊन परतले, तेव्हा खाटेवरची चादर बदलून झाली होती.

महिन्याभराने ते आम्हा दोघींना घेऊन कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले.

"या दोन गोळ्या एकत्र चालतात का, बघ जरा."

"काका, पण काकू तर आता..."

"तू बघ."

औषधवाल्याने दोन्ही नावे संगणकात घातली. पडद्यावर इशारा आला. तो त्याने वाचून दाखवला नाही.

"किती वेळ लागला?" मालकांनी विचारले.

"कशाला?"

"हे बघायला."

"वेळ कसला, काका. अर्धं मिनिटसुद्धा नाही."

मागचा माणूस म्हणाला, "आजोबा, झालं असेल तर सरका की." मालक बाजूला झाले. आम्हा दोघींना छातीशी धरून ते बराच वेळ दुकानाच्या पायरीवर उभे होते.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी दोन ठिकाणची औषधे घेत असेल, तर सगळे कागद एकाच टेबलावर ठेवा आणि विचारा. कुणी हसेल, कुणी घाई करेल. उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.