डागसरांची स्वच्छ खोली

शाळेतल्या चित्रकलेच्या खोलीबद्दल काय काय बोललं जायचं! म्हणे एक पांढरंशुभ्र मांजर खिडकीतून आत शिरलं आणि दारातून ठिपक्याठिपक्यांचं होऊन बाहेर पडलं; मग ते कुणाचं यावरून शेजारच्या दोन घरांत जी जुंपली, ती अजून मिटलेली नाही. तिथली पाल पोटाला पिवळी आणि शेपटीला हिरवी होती. तुंबलेलं बेसिन मोकळं करायला प्लंबर आला, त्यानं नळीत हात घातला आणि बोंब ठोकली, "चावलं, चावलं!" बाहेर निघालं ते मातीच्या घोड्याचं डोकं, चांगले दात विचकलेलं. प्लंबर ते डोकं काखोटीला मारून गेला तो पुन्हा त्या बेसिनकडे फिरकला नाही.

या राज्याचे राजे म्हणजे चित्रकलेचे सर. त्यांच्या शर्टाचा मूळ रंग कोणता, हे खुद्द शिंप्यालाही सांगता आलं नसतं. पोरं त्यांना डागसर म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ऐकू जाईल इतपत हळू. सर मिशीतल्या मिशीत हसत.

त्याच शाळेची मुख्याध्यापिका त्यांची सख्खी धाकटी बहीण. दोघांनीही लग्न केलं नव्हतं, दोघं एकाच घरात राहत. त्यामुळे घरी धाकटी आणि शाळेत मोठ्या बाई, असा तिचा दुहेरी संसार. शाळेत त्यांना 'सर' म्हणताना तिच्या कपाळावर आठी पडे. घरी 'दादा' म्हणताना ती आठी जाई, पण पूर्ण नाही.

आणि पोरांत सरांचा जीव होता एका पोरीवर. तिला सगळे गळती म्हणत. बाकीच्या तासांना तिच्या तोंडून शब्द गळत नसे. इथं मात्र तिच्या हातातून रंग गळायचा, कोपरातून गळायचा, एकदा तर वेणीतून गळाला. शब्दही इथंच फुटायचे. ती ब्रशशी भांडायची, रंगाला दम द्यायची.

"सर, या निळ्याला आवरा! सगळं पिवळं खाल्लं त्यानं."

"मग आता पोट फुगून हिरवा झाला असेल."

"झालाच आहे! आणि अजून मागतोय मेला!"

तिच्या कागदावरचं आभाळ सर पुन्हा पुन्हा पाहत. आयुष्यभर ब्रश घासून आपल्याला असा निळा एकदाही साधला नाही, हे त्यांना कळायचं; आणि ही खोली आहे तोवर या पोरीचं तोंड उघडं राहील, हेही कळायचं.

अशात संस्थेचे सचिव आले. पांढरी पँट, पांढरा शर्ट. खोलीत पाऊल टाकलं आणि दिसलं ते स्टूल ओढून बसले. स्टुलावर ओला जांभळा होता. तो जांभळा मागे मिरवत सचिवांनी सगळी शाळा पाहिली. मुलं मागे रांग धरून इतकी शिस्तीत चालत होती, की सचिवांनी शिस्तीचं कौतुक केलं. घरी गेल्यावर बायकोनं दाखवलं तेव्हा कौतुक उतरलं.

"दादा, हसू नकोस," धाकटी संध्याकाळी म्हणाली.

"मी कुठं हसतोय?"

"मिशी हलतेय तुझी."

"जांभळा शोभला गं त्यांना. थोडा माणसात आल्यासारखा वाटला माणूस."

"खोली जाईल ना, तेव्हा शोभेल सगळं. परीक्षा झाल्या की ते पुन्हा येणार आहेत. एक डाग दिसला तर तिथं मोडके बाक ठेवायचे, असं मला तोंडावर सांगून गेलेत. मी किती दिवस पाठीशी घालू तुला? आधीच लोक म्हणतात, बहिणीच्या जिवावर धिंगाणा."

सरांची मिशी थांबली.

"नियम कर, दादा. साधेच. पोरांना आवरायला शिकव, एवढंच मागतेय."

सरांनी नियम केले. सुरुवातीचे नियम शहाण्यासारखेच होते. ब्रश धुवायचा आणि केस वर करून उभा ठेवायचा. उलटा ठेवला तर त्याची मान मोडते. बाटलीचं झाकण ज्यानं उघडलं त्यानंच लावायचं. बाकावर रद्दी अंथरायची. तास संपताना फडकं फिरवायचं आणि दारात दोन्ही तळवे सरांना दाखवायचे. सर 'जा' म्हणाले की जायचं. पोरांना गंमत वाटली. बाक पुसल्यावर खालचं लाकूड निघालं, तेव्हा कित्येकांनी ते जन्मात पहिल्यांदा पाहिलं. पालसुद्धा आठवड्याभरात पालीच्या रंगाची झाली म्हणतात.

पण भीती एकदा घरात शिरली की ती चहा पिऊन जात नाही, मुक्काम ठोकते. सरांना रात्री झोपेत सचिवांची पांढरी पँट दिसू लागली. मग दोरीला चिमट्यानं टांगलेल्या ओल्या चित्रांतून फरशीवर ठिपके पडतात, म्हणून दोरी सोडली. भिंतीवर चित्र चिकटवलं की चिकटपट्टीचा व्रण राहतो, म्हणून भिंती मोकळ्या केल्या. आवरायला पाव तास लागे तो अर्धा झाला. मग तास सुरू व्हायची घंटा होताच सर दारात उभे राहून म्हणू लागले, "काढा, पण आवरायला वेळ ठेवा हं!" त्यात काढायचं राहून जाई.

पोरं काही खुळी नसतात. झाकण उघडलं नाही तर पुसावं लागत नाही, हे त्यांना लवकरच उमगलं.

गळती शेवटपर्यंत झगडली. एक दिवस ती निळी बाटली हातात धरून उभी राहिली.

"सर, निळा उघडला तर पुसायला किती वेळ लागेल?"

सरांनी घड्याळ पाहिलं. पोरीकडे पाहायला हवं होतं. "आज राहू दे," ते म्हणाले. "एवढी तपासणी होऊ दे, मग हवा तेवढा सांड."

तिनं बाटली जागेवर ठेवली, आणि लेबल समोर येईल अशी फिरवलीसुद्धा. त्या दिवशी तिनं पेन्सिलनं चित्र काढलं. पेन्सिलीला टोक केलं की भुसा पडतो, म्हणून पुढच्या तासाला तेही नाही. त्यानंतर ती मांडीवर हात ठेवून बसू लागली. हात कोरडे, तोंड बंद. घंटा झाली की उठून न वापरलेला बाक पुसायची, दारात तळवे दाखवायची. सर म्हणायचे, "जा."

परीक्षा झाल्या आणि सचिव आले. या वेळी पँट काळी होती, माणूस शिकलेला. मोठ्या बाई पदर सावरत मागे. सचिवांनी स्टुलावर बोट फिरवून बोट पाहिलं. बेसिनमध्ये डोकावले, त्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. खोलीत रंगाचा वासही उरला नव्हता. सरांचा शर्ट पांढरा होता. बहिणीनं मुद्दाम नवा आणला होता.

"कमाल आहे!" सचिव म्हणाले. मोठ्या बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. सरांची मिशी पुष्कळ दिवसांनी हलली.

सचिव गळतीसमोर थांबले. "काय बाळ, या तासाला काय करता तुम्ही?"

ती उभी राहिली. घडाघडा बोलली. "ब्रशचे केस वर ठेवतो. झाकणं घट्ट आहेत का बघतो. बाक पुसतो. फरशी पुसतो. फडकी धुऊन वाळत घालतो. तळवे दाखवतो."

"छान! आणि चित्रं?"

ती गोंधळली. हा प्रश्न नियमांत नव्हता. तिनं सरांकडे पाहिलं. सरांनी भिंतींकडे पाहिलं. भिंती कोऱ्या होत्या.

"एक डाग नाही, शब्दाला जागलात," सचिव खुशीत म्हणाले. "पण बाई, इथं तर काहीच होत नाही. ही कामं मुलं वर्गात बसूनही करतील. एवढी मोठी, कोरडी, स्वच्छ खोली अडवून कशाला ठेवायची? बाकांना यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही."

"साहेब, तुम्हीच म्हणाला होतात..." मोठ्या बाईंचा आवाज चिरकला.

"डाग दिसला तर, म्हणालो होतो. रागात बोललो. आता रागावलेलो नाही, म्हणून तर नीट विचार करून सांगतोय."

तेव्हा डागसर पुढे झाले. त्यांनी निळी बाटली उचलली. झाकण घट्ट बसलं होतं. दातांनी फिरवावं लागलं. आणि त्यांनी ती बाकावर उपडी केली, सगळी. निळा बाकावर पसरला, कडेवरून ओघळला, फरशीवर टपटपला.

"हे होतं इथं!" ते ओरडले. "हे बघा! हे होतं इथं!"

पण सचिवांनी मान वळवेपर्यंत पोरं उठली होती. कुणाला काही सांगावं लागलं नाही. दोघांनी रद्दी टाकली, चौघांनी फडकी, एक बादली आली, एक गेली. सगळ्यांत पुढे गळती होती, गुडघ्यांवर बसून फरशीच्या फटीतला निळा नखानं उकरत होती. सर "अगं राहू दे, राहू दे गं," म्हणत होते, आणि ती जास्तच जोरानं घासत होती. नियम तोच होता. राहू द्यायचं नाही.

"सैन्य आहे, सैन्य!" सचिवांनी टाळ्या वाजवल्या आणि ते घड्याळ पाहत बाहेर पडले. त्यांच्या पँटला काही लागलं नव्हतं.

मोठ्या बाई दाराशी थांबल्या. "दादा," त्या म्हणाल्या. शाळेत पहिल्यांदाच. मग त्या सचिवांच्या मागे गेल्या.

घंटा झाली. पोरं रांगेत उभी राहिली. एकेक जण तळवे दाखवून गेला. शेवटी गळती आली. तिनं दोन्ही हात पुढे केले, मग उलटे केले. सरांनी ते आपल्या हातात घेऊन उजेडाकडे धरले. नखांच्या कोपऱ्यांत पाहिलं, बोटांच्या बेचक्यांत पाहिलं. कुठं तरी, टाचणीच्या टोकाएवढा तरी निळा.

"गेला सगळा, सर," ती म्हणाली. "थेंबसुद्धा नाही राहिला."

ती वाट पाहत उभी होती.

"जा," सर म्हणाले.