चोपन्न नळ्या

दोनशे वर्षांपूर्वी कोणा कारागिराने हाताने घडवलेल्या चोपन्न नळ्या मी एका सकाळी कापल्या. उंटावरच्या शहाण्याच्या सांगण्यावरून कापल्या, याचा जास्त संताप येतो.

चर्चचा हजारभर नळ्यांचा जुना ऑर्गन मी तीन वर्षं दुरुस्त करत होते. भात्याचं फाटलेलं कातडं बदललं, उंदरांनी कुरतडलेल्या पट्ट्या नव्याने बसवल्या. मग कमिटीने कुठूनतरी एक तज्ज्ञ बोलावले. ऐन थंडीत, रिकाम्या चर्चमध्ये, गळ्याला मफलर गुंडाळून त्यांनी यंत्रावर सूर मोजला. "उतरलाय," ते म्हणाले. "प्रत्येक नळी वरून थोडी कापा, म्हणजे चढेल."

माझी आई तिथेच फरशी पुसत होती. तीस वर्षं तीच पुसते. ती म्हणाली, "साहेब, माणसं बसली की आत ऊब येते आणि याचा सूर आपोआप चढतो. रविवारी मोजा ना."

कमिटीचे अध्यक्ष हसले. "मावशी, तुम्ही फरशीचं बघा."

आणि मी? मी म्हणाले, "आई, तू मधे बोलू नकोस." पोटच्या पोरीने चारचौघांत असं बोलावं! शिकून शहाणी झाले होते ना. चोपन्न नळ्यांची पहिली रांग मीच कापली.

रविवारी चर्च भरलं. न कापलेल्या नळ्या उबेने बरोबर सुरात आल्या आणि माझी रांग किंचाळायला लागली. लोकांनी कानांवर हात ठेवले. तज्ज्ञांनी तर केव्हाच काढता पाय घेतला होता.

प्रार्थना संपल्यावर अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाकीच्याही कापून टाका. सगळ्या सारख्या झाल्या की कोणाला कळतंय?"

माझं डोकंच फिरलं. एक चूक झाकायला उरलेल्या हजार नळ्यांच्या मुंड्या छाटायच्या?

"हात तर लावून बघा!" मी ओरडले. बाहेर पडणारे लोक थबकले. "आईने सांगितलं होतं. तुम्ही हसलात आणि मी तिला गप्प बसवलं. आता एकही नळी कापली जाणार नाही!"

अध्यक्ष पडेल चेहऱ्याने निघून गेले. मी मात्र पायरीवर बसून रडले. कापलेल्या नळीला डाख देऊन तुकडा जोडता येतो, पण तसला जुना पत्रा आता आणायचा कुठून?

आई सामानाच्या खोलीत गेली आणि दोऱ्यात ओवलेली कड्यांची माळ घेऊन आली. मी कापून खाली टाकलेले चोपन्न तुकडे, पडले त्याच क्रमाने.

"केरात नाही टाकले," ती म्हणाली. "लागणार हे तेव्हाच माहीत होतं."