डावरा फोटोवाला

माझा धंदा चेहऱ्यांचा. दुकानावर पाटी आहे, 'अर्जंट पासपोर्ट फोटो', आणि दिवसभर माझं एकच पालुपद चालू असतं: हनुवटी जरा खाली, केस कानामागे, दात नको, हलू नका. माणूस फोटोत जितका मेल्यासारखा दिसेल तितका तो साहेब लोकांना पसंत. हसला की अर्ज परत. यात माझा काय दोष? पण लोक फोटो हातात घेऊन माझ्याकडे असे बघतात, जणू त्यांचं थोबाड मीच घडवलंय.

म्हणून दुपार कलली, गिऱ्हाईक पांगलं, की मी दुकान बायकोवर टाकतो आणि कॅमेरा घेऊन समोरच्या वळणावर जाऊन उभा राहतो. "निघाले ऊन मोजायला," असं ती मागून म्हणते. म्हणू दे.

त्या वळणावर दोन्ही बाजूंना उंच इमारती आहेत, त्यामुळे रस्ता कायम सावलीत. गार, निळसर सावली. आणि त्या सावलीच्या मधोमध एक कवडसा उतरायचा, दाराएवढा. लोक सावलीतून यायचे, दोन पावलं त्या उजेडातून चालायचे आणि पुन्हा सावलीत जायचे. बस, एवढंच. पण त्या दोन पावलांत कुणी कुणाचा नवरा नसायचा, कुणी कारकून नसायचा. एक बाई फोनवर कुणाला तरी फाडून खात होती. कवडशात शिरली आणि गप्पच झाली. उजेडामुळे, की पलीकडच्याने काही म्हटलं म्हणून, देव जाणे. पिशवी घेतलेला एक म्हातारा तिथे थबकला आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिला, हात नवा मिळाल्यासारखा. मी फोटो काढत असायचो, पण खटका दाबल्याचा आवाज मला कुठून तरी लांबून यायचा. अर्धवट झोपेत असतो ना माणूस, तसं व्हायचं माझं.

एक दिवस कवडसा आलाच नाही.

आभाळ स्वच्छ होतं. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी इतका वैतागलो की एका गिऱ्हाइकाला म्हणालो, "हसा हवं तर, मला काय!" बायकोने माझ्या हातातून कंगवा काढून घेतला.

"तोंड पाडून काय बसता? वर बघा की. उजेड काय जमिनीतून उगवतो?"

इतक्या दिवसांत मी वर पाहिलंच नव्हतं. पाहिलं, तर तिसऱ्या मजल्यावर एक खिडकी. तिचं काचेचं दार एरवी बाहेर उघडं असायचं, त्यावरून ऊन परतून खाली यायचं. आता ते बंद होतं, वर सुतळीने करकचून बांधलेलं. मी तणतणत जिना चढलो.

दार एका बाईने उघडलं. चष्मा कपाळावर, कानात वायर.

"काय हवंय?"

"खिडकी," मी म्हणालो. "म्हणजे, उघडा ती."

आतून कुणी म्हाताऱ्याने विचारलं, "कोण आहे गं?"

"कुणीतरी खिडकी मागायला आलंय, बाबा."

"हातात कॅमेरा आहे का?"

"आहे."

"डावरा आहे का?"

तिने माझ्या हातांकडे पाहिलं. मी जरा घुश्शातच म्हणालो, "नाही. चांगला उजवा आहे."

आतून आवाज आला, "मग तो नव्हे."

आता यावर माणसाने काय करावं? मी सरळ आत शिरलो.

खिडकीला लागून पलंग, आणि पलंगावर म्हातारा. गळ्यात मोजपट्टी. आयुष्यभर शिंपीकाम केलेलं, पडल्यापासून कमरेखालचं सगळं गेलेलं. त्याला उठून खाली डोकावता येत नव्हतं. पण खिडकीच्या काचेला उन्हासाठी काळी फिल्म लावलेली, आणि दार उघडं टाकलं की त्या काचेत खालचा रस्ता दिसायचा. पडल्या पडल्या तो रस्ताभर फिरायचा.

"सगळ्या पुरुषांची बटणं बायकांसारखी उलट्या बाजूला," काका म्हणाले. "मला वाटलं, फॅशन बदलली आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही! मग डोक्यात प्रकाश पडला, काच उलटं दाखवते. पण तुझं नाही लक्षात आलं, बघ. तू रोज डाव्या हाताने फोटो काढायचास. मी डावरा. उभा जन्म उजव्यांच्या कात्रीने कापड कापलं, बोटांना घट्टे पडले. म्हटलं, चला, खाली आपला एक भाऊबंद उभा आहे." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आणि तू उजवा निघालास रे!"

ते असं म्हणाले की मला चक्क अपराधी वाटलं.

मी मुलीकडे वळलो, भांडायच्या तयारीनेच. तिने मला बोलूच दिलं नाही. "बिजागरी सडली आहे. दार खाली कुणाच्या डोक्यावर पडलं तर? उद्या सरकती खिडकी बसवायला माणूस येतोय." मग तिचा आवाज बसला. "त्यांचं काय जाणार ते मला कळत नाही का हो? पण वारा सुटला की खाली कुणी उभं नाही ना, ते बघायला मी धावते."

तिचं बरोबर होतं. हीच तर पंचाईत.

"सरकती काच सरकते," काका भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "ती वळत नाही. मग मी काय छताकडे बघत बसू?"

मी खाली आलो. माझं कवडशाचं दुःख आता मलाच फालतू वाटायला लागलं होतं. दुकानात एक गिऱ्हाईक आरशासमोर भांग पाडत होतं, आणि त्याच्या खांद्यामागे, आरशात, दारातून आख्खा रस्ता आत आला होता. मी त्याला बाजूला केलं आणि आरसा खिळ्यावरून काढला.

"अहो, लोकांनी भांग कुठे पाडायचा?" बायको ओरडली.

"कसाही पाडू देत. फोटोत तसेही मेल्यासारखेच दिसणार आहेत."

तिने मला वेड्यात काढायला तोंड उघडलं. पण मी कुठे चाललोय ते सांगितल्यावर तिने कपाटातून आपली ओढणी काढली आणि आरशाला गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी खिडकी बसवणाऱ्या माणसानेच आरसाही बसवला. चौकटीला, आतल्या बाजूने, नव्या बिजागरीवर, म्हणजे खाली पडायची भीती नको. आरशाला काकांची मोजपट्टी बांधली, म्हणजे पडल्या पडल्या ओढून वळवता येईल. काकांनी पट्टी हळू हळू ओढली. आरशात आधी आभाळ सरकलं, मग समोरची भिंत, मग माणसं.

"आला," काका म्हणाले. "आला गं माझा रस्ता!" आणि ते रडायला लागले. मलाही आवरेना, उगाच खोटं कशाला बोलू.

त्यानंतरच्या दुपारी मी वळणावर गेलो तो नुसता सवयीने. उजेड नाही हे ठाऊकच होतं. निळसर सावलीत माणसं येत होती, जात होती. वर काका बघत असतील एवढं मनात धरून मी उभा होतो, आणि तेवढंही बरं वाटत होतं.

तेवढ्यात समोरच्या भिंतीवर काहीतरी हललं. उजेडाचा एक तुकडा. तो भिंतीवरून घसरला, दिव्याच्या खांबावर चढला, एका सायकलवाल्याच्या पाठीवरून गेला, आणि थरथरत, चाचपडत रस्त्याच्या मधोमध येऊन थांबला. एक बाई मिटलेली छत्री हलवत आली आणि त्यात शिरली. तिचे केस पेटले. मी खटका दाबला. पुन्हा तो लांबून येणारा आवाज. पुन्हा ती झोप.

आणि मग माझ्या लक्षात आलं. आरसा एकच आहे. तो उन्हाकडे वळलाय, म्हणजे काकांना आता काही दिसत नाहीये. मला उजेड मिळावा म्हणून तो माणूस रस्ता सोडून पडून राहिलाय!

"काका!" मी भर रस्त्यात बोंब ठोकली. "पुरे झालं! फिरवा तो आरसा!" लोक थांबून बघायला लागले. लाज गेली खड्ड्यात.

खिडकीतून मुलगी डोकावली. आत वळली, पुन्हा बाहेर. "ते म्हणतात, फोटो बरा आला का ते आधी सांग!"

"छान आलाय म्हणावं! अहो, फिरवायला सांगा!"

कवडसा जरासा रेंगाळला. मग भिंतीवरून वर वर जात पुसला गेला, आणि रस्ता पुन्हा सावलीत बुडाला. म्हणजे आता तो काकांच्या आरशात पोचला.

मी कॅमेरा गळ्यात सोडला आणि उजवा हात वर केला. चांगला उंच, मुद्दाम. वर तो डावाच दिसला असणार.